सुरक्षा पाठवा, फोनचं रूप आमच्या हाती राहू द्या

प्रति,
स्मार्टफोन आणि त्यांची सॉफ्टवेअर प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांचे डिझाइन विभाग व भारतातील कार्यालये यांस,

विषय : अपडेटसोबत न विचारता बदलली जाणारी स्क्रीनची मांडणी

स. न. वि. वि.

मी सांगलीत मोबाईल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. डिस्प्ले बदलणं, बॅटरी टाकणं, चार्जिंग जॅक साफ करणं, टेम्पर्ड लावणं, रिचार्ज मारणं ही माझी कामं. गेल्या काही वर्षांत तुम्ही त्यात आणखी एका कामाची भर घातली आहे. गिऱ्हाईक येतं, फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "बिघडलाय बघा, कालपर्यंत चांगला होता की." मी फोन हातात घेतो. टच चालू, स्पीकर चालू, रेंज फुल्ल. बिघाड काहीच नसतो. रात्री चार्जिंगला लावलेला फोन स्वतःहून अपडेट झालेला असतो आणि सकाळी मालकालाच तो ओळखू येत नसतो.

माझी तक्रार कुणा एका कंपनीपुरती नाही. माझ्याकडे सगळ्यांचे फोन येतात आणि या बाबतीत थोडं डावं-उजवं सोडलं तर तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी आहात.

कुणाला वाटेल, याचा तर धंदा वाढतोय, मग हा का ओरडतोय? वाढत नाही. डिस्प्ले टाकला तर पैसे मागता येतात. "आजोबा, आता फोन असा उचलायचा" हे दाखवल्याचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे? शिवाय एकदा दाखवून भागत नाही. दुकानात जमतं, घरी गेल्यावर जमत नाही, आणि मग "तुझ्याकडं दिला तेव्हापासनंच असं करतोय" हा बोल मला लागतो. पण माझा वेळ जातो म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. ज्यांचा फोन बदलतो त्यांच्यापैकी बहुतेक जण तुम्हाला कधीच लिहिणार नाहीत. तुमच्या फीडबॅकच्या रकान्यापर्यंत ते पोचत नाहीत. ते माझ्यापर्यंत पोचतात. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

नवीन काही करूच नका, असं म्हणणारा मी नाही. माझं पोटच नव्या फोनांवर चालतं. पण नवा फोन घेताना माणूस नवं रूप स्वतः निवडतो. हातात धरून बघतो, भाव करतो, पटलं नाही तर दुसरा दाखवा म्हणतो. पैसे मोजून घेतलेल्या, वापरून वापरून हाताला बसलेल्या फोनचं रूप तुम्ही परस्पर बदलता, हा माझा आक्षेप आहे. आणि तो बदल सुरक्षेच्या अपडेटला बांधून पाठवता, हा त्याहून मोठा आक्षेप आहे. चोऱ्या वाढल्यात म्हणून कुलूप बदलायला आलेल्या माणसाने जाता जाता घराचं दार पूर्वेचं उत्तरेला नेऊन ठेवावं, तसं हे चाललं आहे. कुलूप पाहिजेच. दार हलवायला कुणी सांगितलं होतं?

आता एकेक सांगतो.

पहिलं, फोन उचलण्याचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या असंख्य अँड्रॉइड फोनांवर कॉलची स्क्रीन अचानक बदलली. प्रणालीचं अपडेट आलेलं नव्हतं, कुणी 'ओके' दाबलेलं नव्हतं. फोन लावायचं ॲप आतून परस्पर नवं झालं होतं आणि कंपनीने आपल्या सर्व्हरवरून त्याचं नवं रूप चालू करून टाकलं. जिथे बोट खालून वर ओढून फोन उचलला जायचा, तिथे आता आडवं ओढायचं होतं. उजवीकडे नेलं की उचलला, डावीकडे नेलं की कट. आवडीचे नंबर आणि आलेले-गेलेले कॉल एकाच पानावर आले. कॉन्टॅक्ट्स कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत गेले.

तुमच्या कार्यालयात हा फार किरकोळ बदल वाटला असेल. माझ्या दुकानात त्या दिवसांत आलेल्या अनेकांना फोन हॅक झालाय असंच वाटत होतं. त्यात त्यांचं चुकलं काय? न सांगता फोनमध्ये काहीतरी बदललं तर घाबरायचं, हेच तर पोलीस, बँका आणि आम्ही दुकानदार त्यांना शिकवत आलो होतो.

महिना कुठला होता तेही बघा. ऑगस्ट म्हणजे सांगलीत कृष्णेकडे लक्ष ठेवून राहायचा महिना. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, हरिपूर रोड, दत्तनगर, काकानगर इकडची माणसं त्या महिन्यात फोन उशाशी घेऊन झोपतात. कोयनेतून विसर्ग किती वाढवला, पुलाला पाणी किती, सामान माडीवर चढवायचं की घर सोडायचं, हे सगळं फोनवर ठरतं. अशा दिवसांत रात्री दोनला पुण्याहून मुलाचा फोन येतो आणि आई तो उचलायला जाऊन कट करते. तीनदा कट झाल्यावर मुलगा शेजाऱ्यांना उठवतो. असं झालेल्या एक मावशी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या होत्या. चिडलेल्या नव्हत्या, शरमलेल्या होत्या. "मला आता फोनसुद्धा उचलता येत न्हाई बघ," म्हणाल्या. तुमच्या डिझाइनची लाज त्यांना वाटत होती, हे मला अजून पचत नाही.

मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर येतात. त्यांना नाइटला फोन आला तर हातातलं काम न सोडता, स्क्रीनकडे न बघता उचलायचा असतो. वर्षानुवर्षं ते बोटाच्या सवयीने होत होतं. ही सवय तुमची नाही, आमची आहे. ती कमवायला आम्ही वेळ घातलाय. ती एका रात्रीत बाद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दुसरं, जागा आणि रंग. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असतात तेव्हा जाऊन बघा. हमाल, गाडीवाले, बेदाण्याचे बॉक्स भरणाऱ्या बायका, सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नाही, किंवा येतं पण सावकाश. तरी ते व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, क्यूआर स्कॅन करून चहाचे पैसे देतात, मुकादमाला फोटो टाकतात. कसं? जागेवर आणि रंगावर. खाली डावीकडे हिरवं ते फोनचं, वर उजवीकडे जांभळं ते पैशाचं, वरून खाली ओढलं की दुसरं गोल ते बॅटरीचं. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. या माणसांसाठी रंग आणि जागा हीच अक्षरं आहेत. एका अपडेटने तुम्ही सगळ्या आयकॉनांना एकसारखं गोल करता, सगळे एका फिक्या रंगात रंगवता, पट्टीतल्या बटणांचा क्रम बदलता. शहरातल्या शिकलेल्या माणसाला ते 'फ्रेश' वाटत असेल. यार्डातल्या माणसाच्या हातातून त्याचं वाचणं काढून घेतल्यासारखं होतं.

वरून ओढायच्या पडद्याचे तर तुम्ही दोन पडदे केलेत. डाव्या बाजूने ओढलं तर नोटिफिकेशन, उजव्या बाजूने ओढलं तर सेटिंगची बटणं. ज्याला हे माहीत नाही त्याला एवढंच दिसतं की बॅटरीचं बटण गायब झालं. लाइट गेलेली असताना हे कळणं आणखी मजेशीर असतं.

तिसरं, आरपार दिसणाऱ्या स्क्रीनचं. यावर जरा जास्त लिहितो, कारण हे माझ्या घरातलं आहे.

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिचा फोन मीच लावून दिला होता : अक्षरं मोठी, ठळक, मागे साधा गडद रंग, लॉकवर नातवाचा फोटो. तिला ते छान जमत होतं. मग अपडेट आलं आणि नोटिफिकेशनच्या मागची पाटी अर्धवट पारदर्शक झाली. आता नातवाच्या पिवळ्या शर्टवर पांढरी अक्षरं येतात. ती फोन लांब धरते, जवळ धरते, तिरका करते आणि शेवटी माझ्या मुलाला हाक मारते. बँकेचा मेसेज आठवीतल्या पोराकडून वाचून घेणं तिला आवडत नाही. तिचे पैसे, तिचा हिशोब, तिला तो स्वतः बघायचा असतो.

हे काचेचं खूळ आलं कुठून तेही माहीत आहे. ॲपलने जून २०२५ मध्ये आयओएस २६ या आयफोनच्या प्रणालीसाठी 'लिक्विड ग्लास' नावाचं रूप दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये ते लोकांच्या फोनवर आलं. अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड जगभर झाली. नोव्हेंबरमध्ये आयओएस २६.१ आलं तेव्हा त्यात काच पूर्ण पारदर्शक ठेवायची की थोडी गडद करायची याची निवड दिली गेली. म्हणजे निवड देता येत होती. ती पहिल्याच दिवशी का दिली नाही? २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हाही असंच झालं होतं. ॲप उघडताना स्क्रीन पुढे झेप घ्यायची, त्याने काही लोकांना गरगरायला लागलं, मळमळायला लागलं, आणि मग ७.०.३ मध्ये ती हालचाल खऱ्या अर्थाने कमी करायची सोय आली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं आणि २०१३ मध्ये ८.१ सोबत परत आणून ठेवलं. इतक्या मोठ्या कंपन्या, इतके हुशार लोक, आणि दर वेळी आधी काढून घ्यायचं, मग ओरडा झाला की थोडं परत द्यायचं. ओरडा इंग्रजीत झाला तरच ऐकू जातो, ही आणखी एक गोष्ट.

मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालेल, हे वेबच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून लिहिलेलं आहे. तुमच्या डिझायनरांना हे आकडे पाठ असतात. अडचण अशी की मागे कुठला फोटो येणार हे तुम्हाला माहीत नसताना तुम्ही पाटी पारदर्शक करता. मग हा फरक तुम्ही मोजता कशावर? तुमच्या जाहिरातीत मागे निळा डोंगर असतो. आमच्या लोकांच्या स्क्रीनवर लग्नातला ग्रुप फोटो असतो, गणपती असतो, बैलजोडी असते. आणि बघायचं असतं ते दुपारी बाराच्या उन्हात, ओरखडे पडलेल्या टेम्पर्डमधून.

ज्या माणसाने अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत, त्याची नजर कमी आहे हे फोनला कळत नाही का? जाहिराती दाखवायला तर आमच्याबद्दल सगळं कळतं.

चौथं, विचारण्याचं. अपडेटची सूचना येते तेव्हा 'आत्ता' आणि 'आज रात्री' असे दोन पर्याय असतात. 'नको' हा तिसरा पर्याय मी फार कमी फोनांवर पाहिलाय. आज सूचना बाजूला सारली की उद्या पुन्हा हजर. शेवटी माणूस कंटाळून दाबतो, किंवा व्हिडिओ बघता बघता नातू दाबतो. त्या सूचनेत किती जीबी आहे ते असतं आणि अनुभव सुधारला आहे असं असतं. उद्या सकाळी तुमचा फोन असा दिसेल, फोन असा उचलावा लागेल, हे दाखवणारं एक चित्रसुद्धा नसतं. केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकांना फसव्या रचनांपासून वाचवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत असा पुन्हा पुन्हा लावलेला तगादा हा एक प्रकार आहे. तुमच्या वकिलांनी ते वाचलंच असेल. डिझाइन विभागानेही वाचावं.

जागा नाही म्हणून नातवंडांचे फोटो डिलीट करून अपडेटला जागा करून देणारी माणसं असतात, आणि कमी रॅमच्या जुन्या फोनवर नवी सजावट आली की तो रखडतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

पाचवं, आणि इथेच खरी गोम आहे : परतीचा रस्ता नाही. लोक मला म्हणतात, "जुनं सॉफ्टवेअर मारून दे की." मला सांगावं लागतं की बहुतेक फोनांवर एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. कुलूपच तसं केलेलं असतं. त्यामागचं कारण मला मान्य आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधली भोकं चोरांना माहीत झालेली असतात, माणूस मागे गेला तर ती पुन्हा उघडी पडतात. ज्या थोड्या फोनांवर जमतं तिथे बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, उघडावा लागतो, त्यात सगळा डेटा जातो आणि नंतर बऱ्याच बँकांची ॲप चालायला नकार देतात. म्हणून मी ते काम घेतच नाही. पण मागे जायचं नाही हा नियम सुरक्षेसाठी आहे ना? मग तो गोल बटण चौकोनी झाल्याला का लागू? आडवं ओढण्याऐवजी वर ओढलं तर कुठलं भोक उघडं पडतं?

याचा परिणाम तुमच्या अहवालात दिसणार नाही, तो मी सांगतो. लोक अपडेटला घाबरायला लागलेत. एकदा हात पोळलेला माणूस येतो आणि म्हणतो, "ते अपडेट कायमचं बंद कर." मी समजावतो की सुरक्षेसाठी लागतं. तो म्हणतो, "गेल्या वेळी तू हेच म्हणालास, आणि माझा फोन घालवलास." माझ्याकडे उत्तर नसतं. त्याचा फोन मग जुन्या भोकांसकट तसाच राहतो, आणि त्याच फोनवर लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून एपीके फाइल, म्हणजे बाहेरून ॲप बसवणारी फाइल, येते. ती उघडली आणि खातं रिकामं झालं की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला तो माझ्याच दुकानात येतो. चोर दुसरा आहे, हे मान्य. पण त्या माणसाला अपडेटपासून तोडलं तुम्ही. तुमच्या रंगरंगोटीपायी सुरक्षेवरचा विश्वास गेला, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी एक वेळ मी गिळल्या असत्या.

सुरक्षा आणि रूप वेगळं करता येत नाही, असं आता कुणी मला सांगू नये. अँड्रॉइडची मासिक सुरक्षा दुरुस्ती २०१५ पासून निघते, ती मोठ्या आवृत्तीपेक्षा वेगळी असते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग स्वतंत्रपणे दुरुस्त करायची सोय आहे. ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ आणताना १४ वरच राहून सुरक्षेची अपडेट घ्यायची मुभा दिली होती. २०२२ च्या जानेवारीत ती बंद केली. २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी फक्त सुरक्षेची छोटी, झटपट अपडेट पाठवूनही दाखवली. सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ७ या आपल्या प्रणालीत वरचा पडदा दोन भागांत तोडला, पण ज्याला पूर्वीसारखा एकत्र हवा त्याच्यासाठी पर्याय ठेवला. त्याबद्दल त्यांचं कौतुक. हा पर्याय आहे हे माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, हेही खरं. तेव्हा प्रश्न जमण्याचा नाही, करण्याच्या इच्छेचा आहे.

इथे मधेच थोडं माझ्या सांगली-मिरजेच्या वाचकांसाठी, कंपन्यांनी क्षणभर थांबावं. अपडेट बंद करू नका. स्क्रीन बदलली तर आधी घाबरू नका, दोन-चार गोष्टी करून बघा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. आयफोन असेल तर तिथे पारदर्शकपणा कमी करायचं, हालचाल कमी करायचं आणि अक्षरं ठळक करायचं बटण आहे. अँड्रॉइडवर मजकूर आणि मागचा रंग यांतला फरक वाढवायचं आणि ॲनिमेशन काढायचं बटण असतं. कॉलची स्क्रीन बदलली असेल तर फोन ॲपच्या सेटिंगमध्ये येणारा कॉल कसा उचलायचा ते बघा, काही फोनांवर ओढण्याऐवजी नुसतं दाबून उचलायचा पर्याय निवडता येतो. वाचणाऱ्यांत कुणी मुलगा-मुलगी असेल तर आई-वडिलांचा फोन अपडेट झाल्यावर पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा, स्वतः दोनदा फोन करून त्यांना उचलायला लावा. आणि अनोळखी एपीके कुणी पाठवली, अगदी पाहुण्याने पाठवली, तरी उघडू नका.

पण ही मलमपट्टी आम्ही का करत बसायची? आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक साधनं सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत यासाठी सरकारने उपाय करावेत, असं त्याचं कलम ४२ सांगतं. माहिती तंत्रज्ञानाची साधनं सर्वांना वापरता यावीत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानक २०२१ पासून आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्या देशात रेशनचं केवायसी, पीक विम्याचा अर्ज, गॅसचा नंबर आणि पेन्शनचा हयातीचा दाखला फोनवर आलाय, तिथे फोनची स्क्रीन हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या शब्दांत अशा :

सुरक्षेचं अपडेट आणि रूपाचं अपडेट वेगळं पाठवा. फोन विकताना जितकी वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंत, तितकी वर्षं जुन्या रूपावर राहणाऱ्यालाही सुरक्षा मिळाली पाहिजे. बाकी काही जमलं नाही तरी ही एक गोष्ट करा.

रूप बदलायचंच असेल तर आधी चित्र दाखवा, फोनच्या भाषेत, म्हणजे आमच्याकडे मराठीत. 'नवं हवं' आणि 'आहे तेच राहू दे' अशी दोन सारख्या आकाराची बटणं द्या. एकदा 'राहू दे' म्हटलं की रोज विचारू नका. नवं घेऊन पटलं नाही तर जुन्यावर परत जायचं बटण सेटिंगच्या पहिल्या पानावर द्या, सात पानं आत नको.

फोन उचलणं, ठेवणं, ११२ लावणं, टॉर्च आणि आवाज कमी-जास्त करणं या पाच गोष्टी मालकाने स्वतः बदलल्याशिवाय बदलायच्या नाहीत. सर्व्हरवरून गुपचूप तर मुळीच नाही.

ज्याने मोठी अक्षरं लावलीत त्याच्या फोनवर पारदर्शक पाट्या आणि उड्या मारणारी ॲनिमेशन आपोआप बंद राहू द्या. त्याला हवी असतील तर तो चालू करील.

आयकॉनचे रंग आणि जागा, माणसाने लावल्या तशा राहू द्या.

नवं रूप बाहेर काढण्याआधी ते साठीपुढच्या, कमी शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसांना द्या, आणि वातानुकूलित खोलीत नको, उन्हात द्या. सांगलीत येणार असाल तर सौद्याच्या वेळी मार्केट यार्डात मी स्वतः घेऊन जाईन. चहा माझ्याकडे.

आणि अपडेटनंतर अडलेल्या माणसाला तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाद मिळाली पाहिजे. आत्ता तिथे "हार्डवेअरला प्रॉब्लेम नाही" म्हणून फोन परत देतात आणि माणूस माझ्याकडे येतो. तुमच्या बदलाची शिकवणी तुमच्या खर्चाने व्हावी.

या पत्राची एक प्रत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे पाठवत आहे. ज्यांना अशी तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी दुकानात लावला आहे. तुमचं उत्तर आलं तर तेही शेजारी लावीन. मराठीत पाठवा, म्हणजे मला प्रत्येकाला वाचून दाखवत बसावं लागणार नाही.

कळावे,

आपला,
एक मोबाईल दुकानदार,
सांगली